आरोग्य कर्मचारी, गावपातळीवरील (मराठवाडा)

लसीकरण, हिवताप-डेंग्यू नियंत्रण, माता-बालसंगोपन आणि पाणी शुद्धीकरण ही कामे घरोघर फिरून करणारा वर्ग. यात उपकेंद्राची आरोग्यसेविका (बोलीत 'नर्सबाई' किंवा 'सिस्टर'), आरोग्यसेवक, आशा स्वयंसेविका, आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक येतात. अंगणवाडी सेविका दुसऱ्या खात्याची. पण तिची आणि आशाची यादी एकमेकींशी ताडून पाहिल्याशिवाय लसीकरणाचे सत्र नीट लागत नाही. सपाटीवर 5,000 लोकसंख्येस एक उपकेंद्र असते, किनवटसारख्या आदिवासी भागात 3,000 ला. आशा साधारण 1,000 लोकसंख्येमागे एक.

आरोग्यसेवकाच्या उगमाबद्दल फारसा वाद नाही. देवी टोचणारे, हिवतापाचे आणि कुटुंबनियोजनाचे कर्मचारी पूर्वी वेगवेगळे होते; कर्तारसिंग समितीच्या 1973 च्या शिफारशींनंतर त्यांचे एकत्रीकरण होऊन 'बहुउद्देशीय' कर्मचारी आला. आशाच्या पूर्वपीठिकेविषयी मात्र मतभेद आहेत. काही अभ्यासक ती रजनीकांत व मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात पाहतात. जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात असले तरी आष्टी, पाटोदा, भूम या तालुक्यांना लागून आहे. तेथे गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर बायकांना प्रशिक्षण दिले गेले. दुसरे मत 2 ऑक्टोबर 1977 च्या, गावोगावी आरोग्य कार्यकर्ते नेमणाऱ्या केंद्रीय योजनेकडे बोट दाखवते. तीत तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा 50 रुपये मानधन होते, पण निवडलेल्यांत पुरुषच अधिक. तिसरे मत छत्तीसगडच्या 'मितानिन' या महिला आरोग्य स्वयंसेविकांच्या योजनेला (2002) थेट आदर्श मानते. आशा ज्यातून आली त्या 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाशी असलेली कालजवळीक पाहता ते नाकारता येत नाही. गावातलीच बाई निवडण्याच्या दृष्टीने नाते जामखेडशी जवळचे वाटते. 'स्वयंसेवक' म्हणवून पगार टाळण्याची रीत मात्र 1977 च्या योजनेचीच. आशाला आजही कामावर आधारित मोबदला मिळतो. अणदूर (ता. तुळजापूर) परिसरातील 'भारतवैद्य' (गावातलेच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते) हा याच परंपरेतला स्थानिक प्रयोग.

मराठवाड्यात या कामाची खरी अडचण पाण्याची. डेंग्यूच्या डासाची वाढ अंड्यापासून डासापर्यंत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत होते, आणि टंचाईच्या गावात टँकरची फेरीही कित्येकदा तेवढ्याच दिवसांनी येते. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा, हा नियम म्हणूनच येथे चालत नाही. साठवलेले पाणी कोण ओतून देईल? कंटेनर सर्वेक्षणात, म्हणजे घरातल्या पाणीसाठ्यात अळ्या आहेत का ते पाहताना, बॅटरीचा झोत तिरपा टाकून थोडे थांबावे लागते, कारण ड्रम हलताच अळ्या तळाशी जातात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. त्यामुळे टँकर येण्याच्या आदल्या दिवशी, ड्रम तळाला गेलेला असताना, तो काथ्याने घासून घेणे हाच व्यवहार्य उपाय. झाकणाचे फडके सैल राहून पाण्यात बुडाले की ते असून नसल्यासारखेच. अबेटिंगचे (अळीनाशक) औषध पिण्याच्या पाण्यात टाकू देण्यास घरोघर विरोध होतो. अळ्या खाणारे गप्पी मासे विहिरी-हौदांसाठी ठीक, ड्रमसाठी नव्हेत.

पाणी शुद्ध करण्याच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे प्रमाण 1,000 लिटरला साधारण 5 ग्रॅम. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत सोडायचे. पिशवी उघडी राहिली की क्लोरीन उडून जातो आणि मागे उरतो तो नुसता चुना. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला असेल तर पिवळी छटा दाखवणारी चाचणी) अर्ध्या तासानंतर आणि शेवटच्या घराच्या नळावर घ्यावी. टाकीजवळची पिवळी छटा काही सिद्ध करत नाही.

बीड, धाराशिव, जालना भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबे निघाली की आशाची यादीच फाटते. नोंदवहीत नुसते 'बाहेरगावी' लिहिणे ही नेहमीची चूक. कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा फोन टिपला तर गरोदर बाईचा पाठपुरावा तिथल्या केंद्राकडे सोपवता येतो. लसीकरण कार्ड कोपीत (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) भिजते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतात. राहिलेला डोस परतल्यावर पुढे चालू करायचा असतो. मालिका पहिल्यापासून सुरू करायची नसते. फडावर जन्मलेल्या बाळाला बीसीजी एक वर्षाच्या आतच देता येते, त्यामुळे कुटुंब परतल्यावर पहिली चौकशी त्याच लशीची.