युद्धकैद्याला प्रश्न विचारण्यास बंदी नव्हती

विमान पाडले गेल्यावर शत्रूच्या हाती लागलेल्या वैमानिकाला नाव, हुद्दा आणि क्रमांक यांखेरीज काही विचारणेच, युद्धकैद्यांना कसे वागवावे हे ठरवणाऱ्या जिनिव्हा करारानुसार, गुन्हा ठरते, असा समज वर्षानुवर्षे पसरत आला आहे. १९२९च्या कराराचे पाचवे कलम मुळातून वाचले, तर मनाई प्रश्नांना नसून दडपण, धमकी आणि अपमान यांना आहे, हे दिसते. १९४९च्या कराराचे सतरावे कलम तर चौकशी कैद्याला समजेल अशाच भाषेत करावी असे सांगते, म्हणजे चौकशी होणार हे त्यात गृहीतच आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रँकफुर्टजवळच्या ओबेरउर्सेल येथील जर्मन चौकशी छावणीत दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बफेकी विमानांतील पकडलेल्या सैनिकांपुढे, घरच्यांना खुशाली कळवण्याच्या मिषाने, त्यांची तुकडी आणि तळ विचारणारा बनावट अर्ज ठेवला जाई. उत्तर नाकारण्याचा हक्क मात्र खरा होता, आणि एकांत कोठडीत तो बजावणाऱ्यांचे धैर्य मोठेच म्हटले पाहिजे.