वयाचा दाखला शरीराकडे मागितला, तेव्हा

मूल 'वयात आलं' हे कोणत्या खुणेवरून ओळखायचं, यावर रोमन विधिज्ञांमध्ये दोन तट होते. मुलींसाठी बारा वर्षं ही मर्यादा ठरलेली होती. मुलांच्या बाबतीत मात्र एक पक्ष म्हणे शरीर तपासा, तर दुसरा म्हणे सरसकट चौदा वर्षं धरा. इ.स. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनने ही तपासणी असभ्य ठरवून बंद केली आणि चौदाचा आकडा कायम केला. मुलांची विटंबना थांबली, हे फार चांगलं झालं. पण कायदा आकड्यावर उभा राहिला की त्या आकड्याला पुरावा लागतो.

तो पुरावा नसला की काय होतं, हे इंग्लंडच्या कापडगिरण्यांत दिसलं. १८३३ च्या कायद्याने रेशीम गिरण्या वगळता नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली आणि त्यापुढच्या लहान मुलांना दिवसाला ९, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. देखरेखीला निरीक्षक नेमले अवघे चार. जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १ जुलै १८३७ पासून. म्हणजे नोंद झालेलं पहिलं मूल नऊ वर्षांचं होणार १८४६ मध्ये! तोवर भिस्त डॉक्टरच्या दाखल्यावर, आणि त्यात लिहायचं काय, तर मुलाची ताकद व चण नऊ वर्षांच्या मुलासारखी आहे. घराला मजुरी हवी आणि गिरणीला हात हवेत, अशा वेळी दणकट बांध्याचं सात-आठ वर्षांचं मूल सहज नऊचं ठरे.

१८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून पार्लमेंटपुढे नवा निकष मांडला. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या वर्षाच्या आसपास. उपासमारीने उंची जितकी खुंटते, तितकं दातांचं वेळापत्रक लांबत नाही, म्हणून उंचीपेक्षा दात अधिक भरवशाचे. तरी दाढ वर्षभर आधी किंवा उशिरा येऊ शकते, आणि कायद्याला तर नेमकं वर्ष हवं असतं.

आज दातांच्या जोडीला डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चा कितपत भरून आल्या आहेत, हे नमुना-चित्रांशी ताडून पाहतात. सर्वाधिक वापरली जाणारी ग्रॉलिक-पाइल चित्रावली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या सुखवस्तू गोऱ्या मुलांवरून बनली. कुपोषित मुलाची हाडं मागे राहतात, लवकर वयात आलेल्याची पुढे धावतात. दोन्हीकडे अंदाज चुकतो. त्यातच पौगंडावस्थेत एक-दोन वर्षांचा फरक निरोगी मुलांतही सर्रास आढळतो. शिवाय हाताच्या हाडांची वाढ अनेकांत अठराच्या आधीच पूर्ण होते. मग मनगट सतरा आणि एकवीस यांत फरक सांगूच शकत नाही. त्यासाठी गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक सीटी स्कॅनने पाहावं लागतं.

जगात पाच वर्षांखालच्या सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद आजही नाही. त्यांच्यापैकी कुणी उद्या कोर्टात किंवा सीमेवर उभं राहिलं, तर तज्ज्ञाने एकच आकडा न देता 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला द्यायला हवा. पल्ल्याचं खालचं टोक अठराच्या आत असेल, तर संशयाचा फायदा मुलाला मिळाला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीची भूमिकाही हीच आहे.