फाइल-आधारित राउटिंग : डिरेक्टरी पाथच्या अडचणी

फाइल-आधारित राउटिंग म्हणजे वेब सर्व्हरकडे येणाऱ्या यूआरएलची डिस्कवरील फोल्डरांच्या मांडणीशी थेट सांगड घालण्याची पद्धत. कोणत्या यूआरएलला कोणती फाइल उत्तर देणार याची वेगळी यादी इथे ठेवत नाहीत. ‘/लेख/नवे’ अशी विनंती आली की सर्व्हर ठरवून दिलेल्या मूळ डिरेक्टरीत (फोल्डरात) ‘लेख’ फोल्डर आणि त्यात ‘नवे’ नावाची फाइल शोधतो. वेबच्या सुरुवातीचे सर्व्हर असेच चालत. १९९५ मध्ये आलेल्या अपाची सर्व्हरचे आणि पीएचपीचे कामही याच रीतीने होई. पुढे राउट, म्हणजे कोणत्या यूआरएलला कोण उत्तर देणार ही जोडणी, कोडमध्ये लिहिण्याची पद्धत रुळली. २०१६ मध्ये नेक्स्ट.जेएस या वेबसाइट उभारण्याच्या फ्रेमवर्कने (तयार सांगाड्याने) ‘फोल्डर हाच राउटर’ ही कल्पना पुन्हा पुढे आणली आणि नक्स्ट, स्वेल्टकिट यांसारख्या फ्रेमवर्कांतही ती दिसते.

या पद्धतीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. यूआरएलमधला पाथ (फाइलपर्यंतचा मार्ग) आणि डिस्कवरचा पाथ दिसायला सारखे असले तरी त्यांचे नियम निराळे असतात. यूआरएलमध्ये नेहमी पुढे झुकलेला स्लॅश येतो, अक्षरे टक्के-चिन्हाच्या सांकेतिक रूपात येऊ शकतात आणि सुरुवातीचा स्लॅश म्हणजे संकेतस्थळाचे मूळ. डिस्कवर विंडोज उलटा स्लॅश वापरते आणि लिनक्सवर सुरुवातीचा स्लॅश म्हणजे सगळ्या फाइल-व्यवस्थेचे मूळ. म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर कोडमध्ये एकाच ठिकाणी करावे; ते चार ठिकाणी विखुरले की चूक सापडणे कठीण होते.

सर्वांत जास्त छळणारी चूक चालू डिरेक्टरीची. ‘./पाने’ असा सापेक्ष पाथ दिला की तो कोड ज्या फोल्डरात आहे तिथून मोजला जातो, असा समज असतो. प्रत्यक्षात तो प्रक्रिया जिथून सुरू केली त्या डिरेक्टरीपासून मोजतात. स्वतःच्या संगणकावर प्रकल्पाच्या फोल्डरातूनच आज्ञा दिली जाते, त्यामुळे सगळे सुरळीत दिसते. तोच कोड सिस्टमडी या लिनक्सवरच्या सेवा-व्यवस्थापकाखाली सेवा म्हणून चालवला की चालू डिरेक्टरी वेगळी सांगितली नसल्यास ती थेट ‘/’ असते आणि प्रत्येक पानाला ४०४ (‘सापडले नाही’) मिळतो. यावर उपाय म्हणजे मूळ डिरेक्टरीचा पूर्ण पाथ सर्व्हर सुरू होतानाच कोडच्या स्वतःच्या जागेवरून काढून ठेवणे. नोड या सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या जुन्या मॉड्यूल पद्धतीत त्यासाठी तयार चल आहे. नव्या मॉड्यूल पद्धतीत तो नाही, तिथे मॉड्यूलच्या यूआरएलवरून जागा काढता येते. बिल्डनंतर (चालवण्याजोगे रूप तयार केल्यावर) कोड दुसऱ्याच फोल्डरात जातो, हेही ध्यानात ठेवावे लागते. ती डिरेक्टरी सापडली नाही तर सर्व्हरने सुरू होण्यासच नकार द्यावा. गुपचूप ४०४ देत बसणाऱ्या सर्व्हरपेक्षा तो शतपटीने बरा.

पाथ जोडतानाही असाच खड्डा आहे. नोडचे ‘जॉइन’ ‘/माहिती’ला मुळाखालीच जोडते, तर ‘रिझॉल्व्ह’ सुरुवातीचा स्लॅश पाहून आधीचे मूळ टाकून देते. पायथनच्या ‘ओएस.पाथ’मधले ‘जॉइन’ मात्र नोडच्या ‘रिझॉल्व्ह’सारखे वागते, म्हणून एका भाषेतून दुसरीत येणारे हमखास फसतात.

शेवटचा स्लॅश क्षुल्लक वाटतो, पण तसा नाही. ‘माहिती’ ही डिरेक्टरी असून तिच्यात इंडेक्स पान आहे आणि पानात ‘रंग.सीएसएस’ असा सापेक्ष दुवा आहे असे समजा. सापेक्ष दुवा सोडवताना ब्राउझर पत्त्यातील शेवटच्या स्लॅशनंतरचा भाग गाळतो. २००५ च्या आरएफसी ३९८६ या यूआरएलविषयक मानकाचा तसा नियमच आहे. पत्ता ‘/माहिती/’ असेल तर फाइल त्या फोल्डरात शोधली जाते, ‘/माहिती’ असेल तर एक पायरी वर. पान उघडते, पण रंगरूप गायब. म्हणून अपाची डिरेक्टरीच्या पत्त्याला स्लॅश जोडून ३०१ ने (‘पत्ता कायमचा बदलला’ या संकेताने) पुन्हा पाठवतो. कोणते रूप हवे ते ठरवून दुसऱ्याला तिकडे वळवावे. दोन्हींना २०० (‘ठीक’) देणे टाळावे. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, म्हणून चाचणीच्या काळात ३०२ (तात्पुरता बदल) बरा. फॉर्म पाठवला जात असेल तर ३०८ वापरावा, नाहीतर पोस्टचे (माहिती पाठवणाऱ्या विनंतीचे) गेट (नुसते पान मागणारी विनंती) होऊ शकते. पुढचा प्रॉक्सी (विनंती मागे पोचवणारा मधला सर्व्हर) स्लॅश काढतो आणि मागचा सर्व्हर जोडतो असे झाले, तर विनंती गोल फिरत राहते.

एंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘रूट’ यूआरएलचा सगळा पाथ मुळाला जोडतो, तर ‘एलियस’ जुळलेला भाग बदलून टाकतो. ‘/चित्रे’ या लोकेशनला शेवटी स्लॅश नाही आणि एलियसला आहे, अशा वेळी ‘/चित्रे../’ मागणारा वरच्या डिरेक्टरीत पोचतो, कारण पाथमधली दोन टिंबे म्हणजे एक पायरी वर.

इथून प्रश्न सुरक्षेचा होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची २.४.४९ मध्ये नेमका असा दोष उघड झाला. सांकेतिक रूपातील टिंबे वापरून मुळाबाहेरच्या फाइली मागता येत होत्या. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी ठरली, कारण दुहेरी सांकेतीकरण तिला चुकवत होते, २.४.५१ लगेच काढावी लागली. क्रम असा हवा : सांकेतिक रूप एकदाच उलगडायचे, दोन टिंबे आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारी फाइल) सोडवून खरा पाथ काढायचा आणि मग तो मुळाच्या आत आहे का ते पाहायचे. ही तुलना स्लॅशसकट करावी, नाहीतर ‘/साइट’ या मुळाच्या कसोटीला ‘/साइट-जुनी’सुद्धा उतरते.

लिनक्सवर फाइलींच्या नावांत रोमन अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीचा फरक मानला जातो, विंडोज आणि मॅकवर सहसा नाही. तिथे फक्त अक्षराचा आकार बदलून फाइलचे नाव बदलले तर कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या तो बदल लक्षातही येत नाही, म्हणून गिटच्याच आज्ञेने नाव बदलावे. देवनागरी नावांत आणखी एक बारकावा आहे : ‘दऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना एक दिसणारी ही नावे लिनक्सला दोन वाटतात. नावे आणि यूआरएल दोन्ही एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या रूपात आणली की हा घोळ मिटतो.

चौकटी कंसातल्या नावांच्या बदलत्या राउटच्या फाइलींबाबत (जिथे पाथचा तो भाग काहीही असू शकतो) क्रम महत्त्वाचा. ठाम नावाची फाइल आधी, एका भागाची बदलती त्यानंतर, सगळे गिळणारी अखेरीस. डिरेक्टरी वाचताना फाइली कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी नसते, म्हणून राउटरने स्वतः क्रम लावावा. शेलमध्ये (आज्ञा टंकायच्या ठिकाणी) हेच कंस नमुना म्हणून वाचले जातात, तेव्हा स्क्रिप्टमध्ये अशी नावे अवतरणात ठेवावीत.

दोष शोधताना आधी सर्व्हरने शेवटी नेमका कोणता पूर्ण पाथ उघडायचा प्रयत्न केला ते लॉगमध्ये छापावे. अर्धा तपास तिथेच संपतो. ४०३ (‘प्रवेश नाही’) आला तर बहुधा डिरेक्टरीत इंडेक्स नाही किंवा परवानगी नाही. लिनक्सवर फाइल वाचता येण्यासाठी तिच्या वरच्या प्रत्येक डिरेक्टरीत प्रवेशाची परवानगी लागते, म्हणून फाइलची परवानगी पुन्हापुन्हा बदलत बसण्याआधी मुळापासून एकेक पायरी तपासावी. अनेकदा अडलेले दार वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीचे असते.