लसीतला विषाणू जिवंत, मग शेळी आजारी का पडत नाही?

नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी भागातील आमच्या पशुपालक ग्राहकांसाठी

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगावरील लसीची कुपी हातात घेतली की बरेच जण विचारतात, "यात जिवंत विषाणू असतो म्हणे. कळपात रोग तर शिरायचा नाही ना?" शंका रास्त आहे. काउंटरवर दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. लसींसाठी व्हेरो पेशी खूप वापरतात. 1962 साली जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून त्या मिळवल्या, आणि त्यांचा वंश आजही प्रयोगशाळांत वाढतो आहे. बाटलीच्या तळाशी या पेशींचा पातळ थर असतो. त्यावर विषाणू सोडला की काही दिवसांत पेशी मरतात आणि विषाणू वरच्या द्रवात उतरतो. त्यातला थोडा द्रव ताज्या पेशींवर टाकायचा. हा झाला एक पॅसेज.

स्वतःच्या प्रती काढताना विषाणूकडून चुका होतात. विषाणूची आनुवंशिक माहिती आरएनए किंवा डीएनए या रेणूत साठवलेली असते. पीपीआरसारख्या आरएनए विषाणूकडून जास्त, लम्पीसारख्या डीएनए विषाणूकडून कमी. बाटलीत प्रतिकारशक्ती नसते, दुसऱ्या जनावरापर्यंत पोहोचायची गरजही नसते. जी प्रत त्या पेशींत लवकर शिरते आणि भराभर वाढते, तीच पुढच्या बाटलीत जास्त जाते. शेळीच्या शरीराशी झुंजण्याची क्षमता गेली तरी तिथे तिचे काही अडत नाही. असे होत होत विषाणू बाटलीत तरबेज होतो आणि जनावरात दुबळा पडतो. तरी त्याची ओळख पटण्याइतके रूप शाबूत असते, म्हणून प्रतिकारशक्ती तयार होते.

आपल्याकडच्या पीपीआर लसीतला सुंगरी/96 हा विषाणू व्हेरो पेशींवर सुमारे 60 पॅसेज देऊन सौम्य केला आहे. 2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा गायींना शेळ्यांच्या देवीची लस दिली, कारण दोन्ही विषाणू जवळचे नातलग आहेत. त्याच वर्षी जाहीर झालेल्या देशी लम्पी लसीचा मूळ विषाणू 2019 चा, रांचीचा. त्याला व्हेरो पेशींवर 50 पॅसेज दिले.

जास्त पॅसेज म्हणजे जास्त चांगली लस, असे मात्र नाही. विषाणू फारच दुबळा झाला तर संरक्षणही मिळत नाही. म्हणून उत्पादक पारखलेला मूळ साठा जपून ठेवतात आणि त्यापासून ठरावीक पॅसेजच्या आतच लस बनवतात.

लाळ्या-खुरकूतची लस वेगळी, तिच्यातला विषाणू मारलेला असतो. पण तो वाढवताना बदल होतातच. गायीच्या शरीरात हा विषाणू पेशींवरच्या इंटेग्रिन नावाच्या प्रथिनाला धरून आत शिरतो. बाटलीत वाढवला की तो बऱ्याचदा हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळीला धरायला शिकतो. त्यासाठी त्याच्या कवचातले एक-दोन घटक बदलले तरी पुरतात. कवच बदलणे म्हणजे ओळख बदलण्याचा धोका. म्हणून गावातल्या साथीच्या विषाणूशी लसीचा विषाणू जुळतो का, हे पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

आता तुमच्या हातातले काम. जिवंत लस उन्हात किंवा गरम गाडीत मरते आणि अशी मेलेली लस टोचून उपयोग नाही. बर्फाच्या डब्याशिवाय आम्ही ती देत नाही. लाळ्या-खुरकूतची लस उलट कधीही गोठवू नका, 2 ते 8 अंशांतच ठेवा. आजारी जनावराला लस नको. टोचल्यावर थोडी सूज किंवा हलका ताप आला तर घाबरू नका. वाढला तर पशुवैद्यकांना दाखवा.

पीपीआरची कुपी अनेक डोसांची असते आणि विरघळवलेली लस उद्यासाठी उरवता येत नाही. तुमच्याकडे चार-पाचच शेळ्या असतील तर आधी कळवा. त्याच वस्तीतल्या इतर ग्राहकांशी बोलून आम्ही सर्वांचा एकच दिवस ठरवून देऊ.