अ‍ॅन्युअल घ्यावा का? आधी त्याचं साल बघा

सुपरहिरोचा अ‍ॅन्युअल (त्याच्या कॉमिक मालिकेचा वर्षातून एकदा येणारा जाड अंक) घेण्यासारखा असतो का, असं पुण्यात कुणी विचारलं की मला आधी दिवाळी अंक आठवतो. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाची अपेक्षा ठरून गेली आहे. वर्षातून एकदा येणारा अंक जाडजूड हवा, आणि एरवीच्या अंकात मावणार नाही असं काहीतरी त्यात हवं. 'किशोर'च्या दिवाळी अंकाकडे इथली मुलं याच आशेने बघत आली. अमेरिकेतल्या अ‍ॅन्युअलची सुरुवातही अशीच झाली, फक्त तिथला मोसम उन्हाळी सुट्टीचा.

डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीने १९६० साली सुपरमॅनचा पहिला अ‍ॅन्युअल आणला. नेहमीचं कॉमिक ३२ पानी आणि १० सेंटला, हा ८० पानी आणि २५ सेंटला. आतल्या गोष्टी मात्र सगळ्या आधी छापून आलेल्या. आज हे लबाडीचं वाटेल, पण तेव्हा वाचून झालेलं कॉमिक रद्दीत जायचं आणि मागचे अंक सहजी मिळायचे नाहीत. सुपरगर्लची पहिली गोष्ट ज्याची हुकली, त्याला ती या अंकात पुन्हा मिळाली. त्या काळी जुन्या गोष्टी पुन्हा छापणं हीच वाचकाची मोठी सोय होती.

पण अ‍ॅन्युअलला खरी किंमत आली ती नव्या गोष्टींमुळे. १९६४ साली लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडरमॅनच्या पहिल्या अ‍ॅन्युअलमध्ये डॉक्टर ऑक्टोपससह सहा खलनायक एकत्र आणले. अंक ७२ पानांचा. प्रत्येक खलनायकाशी होणाऱ्या झुंजीला डिट्कोने एक अख्खं पान दिलं आहे. महिन्याच्या अंकात इतकी जागा कुठून मिळणार! पुढच्याच वर्षी फँटास्टिक फोरच्या तिसऱ्या अ‍ॅन्युअलमध्ये त्या चौकडीतल्या रीड आणि सू यांचं लग्न लागलं. १९८१ च्या अ‍ॅव्हेंजर्स अ‍ॅन्युअलमध्ये 'रोग' (Rogue) नावाचं पात्र पहिल्यांदा आलं. १९८५ च्या सुपरमॅन अ‍ॅन्युअलमधली अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची गोष्ट तर मागचं-पुढचं काहीही न वाचता समजते. एका बैठकीत सुरू होऊन संपणारी. अ‍ॅन्युअल असाच असावा, असं मला मनापासून वाटतं.

मग १९८८ आलं. स्पायडरमॅन काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने एकच कथा ११ अ‍ॅन्युअलमध्ये वाटून दिली, पुढच्या वर्षी १४ मध्ये. आवडत्या नायकाचा एक अंक घेणाऱ्याच्या हातात गोष्टीचा मधलाच तुकडा पडायचा. कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या एका गठ्ठ्यातून मी असाच एक अंक आनंदाने घरी आणला होता. ना सुरुवात, ना शेवट. तो हिरमोड अजून आठवतो. १९९३ साली मार्व्हलने अ‍ॅन्युअल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून विकले, आत एक कार्ड आणि प्रत्येक अंकात एक नवं पात्र. त्यातली बहुतेक पात्रं लवकरच विसरली गेली. डीसीनेही त्या वर्षी असाच घाट घातला. त्यातून टिकलेलं म्हणजे 'डेमन'च्या अ‍ॅन्युअलमध्ये आलेला गार्थ एनिस आणि जॉन मकक्रे यांचा 'हिटमॅन' हा नायक.

ब्रिटिश अ‍ॅन्युअल ही निराळीच चीज. पुठ्ठा बांधणीचं, नाताळच्या भेटीसाठी काढलेलं पुस्तक. ते शरद ऋतूत निघतं आणि त्यावर पुढच्या वर्षाचा आकडा असतो. जुन्या पुस्तकांत असं एखादं धड बांधणीचं सापडलं, तर लहान मुलासाठी जरूर घ्यावं. त्याला मालिकेची ओळख लागत नाही.

नवे अमेरिकी अ‍ॅन्युअल नेहमीच्या अंकापेक्षा महाग असतात, आणि आपल्याकडे ती डॉलरची किंमत रुपयांत मोजावी लागते. जुन्या गोष्टींचे संग्रह आता पुस्तकरूपात मिळतात, त्यामुळे नुसत्या पुनर्मुद्रणासाठी इतके पैसे घालायचं कारण उरलेलं नाही. नवी आणि पूर्ण गोष्ट असेल तर मी घेतो. आप्पा बळवंत चौकात असो की फर्ग्युसन रस्त्यावर, पैसे देण्याआधी शेवटचं पान उघडतो. तिथे दुसऱ्याच मालिकेचं नाव आणि 'पुढे चालू' दिसलं, की अंक परत गठ्ठ्यावर ठेवतो.