आयक्यूचा पेपर नेमका कोणासाठी काढला होता?

"तुझ्यापेक्षा खूप लहान पोरगा तुझ्याशी मारामारी करायला आला तर तू काय करशील?" अमेरिकेतल्या वेक्सलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या लहान मुलांसाठीच्या आयक्यू टेस्टमधे हा प्रश्न होता. मार्क हवे असतील तर सांगायचं की मी त्याला मारणार नाही, निघून जाईन वगैरे. आता ज्या गल्लीत एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी चारजण येऊन चोपतात, तिथला पोरगा खरं तेच सांगणार ना, की मी पण ठोकणार, आणि मार्क गेले! बरं, ही टेस्ट १९४९ साली आली तेव्हा कितीला किती मार्क हे ठरवायला जी मुलं तपासली ती सगळी गोरी होती.

कॅलिफोर्नियात या मार्कांवर मुलाचं पुढचं सगळं शिक्षण ठरायचं. ७५ च्या खाली आलात की सौम्य मतिमंद म्हणून वेगळ्या वर्गात रवानगी, तिथे लिहिणं-वाचणं जेमतेम, भर सगळा स्वच्छता आणि वागण्या-बोलण्यावर, आणि एकदा आत गेलेलं पोर परत नेहमीच्या वर्गात येणं जवळपास अशक्यच, कारण तोवर बाकीची मुलं फार पुढे गेलेली. १९६८-६९ साली राज्यातल्या शाळांमधे कृष्णवर्णीय मुलं ९ टक्के होती, या वर्गांमधे मात्र २७ टक्के. सॅन फ्रान्सिस्कोत तर २८.५ टक्के मुलं कृष्णवर्णीय आणि या वर्गांत ६६ टक्के!

१९७१ मधे काही पालक कोर्टात गेले, हीच ती 'लॅरी पी.' केस (नाव मुद्दाम बदललेलं). कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी त्याच मुलांची परत टेस्ट घेतली, पण आधी गप्पा मारून मुलाला मोकळं केलं, प्रश्न त्याच्या बोलीत विचारले आणि उत्तर पुस्तकातलं नसलं तरी डोकं चालवून दिलेलं असेल तर मार्क दिले. सगळी मुलं ७५ च्या वर. १९७९ मधे न्यायाधीश पेकहॅम यांनी निकाल दिला की कृष्णवर्णीय मुलांना असल्या वर्गात टाकायला आयक्यू टेस्ट वापरायची नाही.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी शिकागोच्या कोर्टाने बरोब्बर उलटा निकाल दिला. तिथले न्यायाधीश ग्रेडी यांनी टेस्टमधला एकेक प्रश्न स्वतः वाचला, उत्तरांसकट निकालपत्रात छापला (म्हणजे गुप्त ठेवलेला पेपर कोर्टानेच फोडला!) आणि म्हणाले की शेकडो प्रश्नांपैकी मला फक्त ९ पक्षपाती वाटतात. मला ही पद्धत पटत नाही. प्रश्न वाचून तो कोणाला जड जाईल हे एका सुशिक्षित गोऱ्या माणसाला खुर्चीत बसून कसं कळणार, त्यासाठी मुलांची उत्तरं बघावी लागतात. आपल्याकडे निदान एवढं भान होतं, कामत यांनी १९३० च्या दशकात बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची आयक्यू टेस्ट मराठी आणि कन्नड मुलांवर नव्याने बसवली आणि नंतर नागपुरात मॅलिन यांनी हीच वेक्सलरची टेस्ट भारतीय मुलांसाठी बदलून घेतली.

पण सगळा दोष टेस्टचा म्हणावा तर तेही नाही. आंधळेपणा, बहिरेपणा अशा डॉक्टर तपासून सांगतात त्या प्रकारांत वंशाप्रमाणे फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो सौम्य मतिमंदत्व आणि भावनिक समस्या असल्या प्रकारांत, म्हणजे जिथे सुरुवात "हा पोरगा मला वर्गात झेपत नाही" या टीचरच्या तक्रारीपासून होते.

हा वंशाप्रमाणे दिसणारा फरक अमेरिकन सरकार मोजतं गुणोत्तराने. समजा एका जिल्ह्यात कृष्णवर्णीय १०० मुलांपैकी २० स्पेशल एज्युकेशनमधे (म्हणजे खास मदत लागणाऱ्या मुलांच्या शिक्षणात) आणि बाकीच्या ४०० पैकी ४०, तर २० टक्क्याला १० टक्के, गुणोत्तर २. राज्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं की २००४ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याला या कामाच्या केंद्रीय निधीतला १५ टक्के पैसा मुलं तिथे पोचण्याआधीच त्यांना मदत करण्यावर खर्च करावा लागतो. पण गरिबी, शरीरात गेलेलं शिसं, जन्मतःच कमी वजन यामुळे काही मुलांना खरंच जास्त मदत लागत असेल तर? २०१५ मधे मॉर्गन हे संशोधक आणि सहकाऱ्यांनी अभ्यासात सारखेच मार्क आणि सारखीच घरची परिस्थिती असलेल्या मुलांची तुलना केली, तर कृष्णवर्णीय मुलांना मदत उलट कमीच मिळत होती. यावर जोरदार वाद झाला, कारण शाळेने आधीच नीट शिकवलं नसेल तर ते मार्क तरी कसे धरायचे? मला वाटतं दोन्ही चुका एकाच शाळेत घडू शकतात, एका धडधाकट पोराला मंद ठरवायचं आणि शेजारच्या डिस्लेक्सियावाल्याला (हुशार असूनही वाचायला जड जाणाऱ्याला) आळशी म्हणून सोडून द्यायचं, गुणोत्तरात दोघं एकमेकांना झाकतात.

कॅलिफोर्नियात १९८६ मधे बंदी आणखी कडक झाली, कृष्णवर्णीय मुलांना स्पेशल एज्युकेशनसाठी आयक्यू टेस्ट द्यायचीच नाही. मग एक आई, मुलगा अर्धा कृष्णवर्णीय अर्धा हिस्पॅनिक (स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घराण्यातला), म्हणाली की माझ्या पोराला वाचता का येत नाही ते कळायला मला ती टेस्ट हवीये. तिला सांगण्यात आलं, मुलाची नोंद हिस्पॅनिक म्हणून करा, मग देऊ. ती कोर्टात गेली, आणि १९९२ मधे ही वाढीव बंदी उठवली ती त्याच पेकहॅम यांनी.