‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिलं म्हणजे पत्र सुरक्षित झालं का?

पत्राच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे ‘आपल्या हक्कांना बाधा न येता’) लिहिलं की त्यातलं काहीच कोर्टात वापरता येत नाही, हा समज चुकीचा आहे. संरक्षण मिळतं ते वाद मिटवण्यासाठी केलेल्या खऱ्याखुऱ्या वाटाघाटींना, त्या शब्दांना नव्हे. साध्या मागणीच्या नोटिशीवर ते टाकून काहीच साधत नाही. उलट, ते शब्द नसले तरी तडजोडीचा प्रस्ताव संरक्षित राहू शकतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९८८ मध्ये ‘रश अँड टॉम्पकिन्स’ खटल्यात हे स्पष्ट केलं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: तडजोड झाली की नाही, यावरच भांडण लागलं तर कोर्ट तीच पत्रं उघडून वाचू शकतं. म्हणून कबुली लिहिण्याआधी वकिलाला जरूर विचारा.